मुकुटातील मणी चित्रफलकावर

नायजेरियाच्या नैऋत्य भागातील योरूबा समाजात मणी हा केवळ अलंकार नाही, ते राजसत्तेचे चिन्ह आहे. मण्यांनी मढवलेला शंकूच्या आकाराचा मुकुट, त्यावरील पक्ष्यांच्या आकृती आणि राजाचा चेहरा झाकणारी मण्यांची झालर हा मान आद्यपुरुष ओडुडुवाच्या वंशजांचाच, अशी परंपरा आहे. १९०३ मध्ये एपे येथील प्रमुखाने असा मुकुट धारण केल्याने वाद उद्‌भवला. तेव्हा निवाड्यासाठी इफे नगरीच्या राजाला, म्हणजे ऊनींना, लागोसच्या ब्रिटिश गव्हर्नरने पाचारण केले. एपेच्या प्रमुखाला तो अधिकार नाही, असा निर्वाळा ऊनींनी दिला.

१९६० च्या दशकात ओशोग्बो शहरात घडलेल्या बदलाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते. उली आणि जॉर्जिना बायर यांच्या प्रयत्नांतून तेथे कलाकारांच्या कार्यशाळा भरल्या. त्यांतून पुढे आलेल्या जिमो बुराइमो यांनी चित्रफलकावर मणी चिकटवून चित्रे साकारली. राजमस्तकावरचे वैभव अशा रीतीने सामान्यांच्या भिंतीवर आले. याच परंपरेतील नाइके डेव्हिस-ओकुंडाये यांनी निळीत रंगवलेल्या 'आदिरे' वस्त्रकलेला नवे आयुष्य दिले.

मस्तकाचे महत्त्वही येथे ध्यानात घ्यावे लागेल. 'ओरी', म्हणजे मस्तक, हे माणसाच्या प्रारब्धाचे स्थान, अशी योरूबांची श्रद्धा आहे. त्यामुळेच त्यांच्या शिल्पांत मस्तक शरीराच्या मानाने मोठे असते. १९३८ मध्ये इफे येथे धातूची अत्यंत वास्तवदर्शी मस्तके सापडली. त्यापूर्वी, १९१० मध्ये, तेथील शिल्पे पाहून जर्मन संशोधक लिओ फ्रोबेनियस यांनी त्यांचा संबंध थेट पुराणकथेतील अटलांटिसशी जोडला होता. आफ्रिकी हातांचे हे श्रेय त्यांना मान्य करवले नाही.

आजच्या कलाकारांपुढील खरा प्रश्न हाच आहे. राजचिन्हे बाजारात केवळ शोभेची वस्तू ठरली, तर त्यांचा अर्थ हरवेल. आणि ती राजवाड्यातच राहिली, तर नव्या पिढीपासून दुरावतील. मात्र ही परंपरा कधीच स्थिर नव्हती. मुकुटांवरील बारीक काचमणी युरोपीय व्यापारातूनच आले आणि योरूबा कारागिरांनी ते आपलेसे केले.

लागोसमध्ये २०२३ साली उद्घाटन झालेले योरूबा संस्कृती व इतिहासाचे जॉन रँडल केंद्र याच दिशेने टाकलेले पाऊल आहे. आपला वारसा आपल्याच भूमीत, आपल्याच शब्दांत सांगण्याचा अधिकार हा मुकुटाइतकाच मोलाचा आहे.