परसातली कोंबडी आणि सरकारची नजर

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळला फाटे फुटतात; एक भोरकडे, दुसरा नारायणपूर-सासवडकडे. या दुसऱ्या वाटेवर केतकावळे येथे बालाजीचे भव्य मंदिर आहे. ते व्यंकटेश्वरा हॅचरीज या कुक्कुट उद्योगसमूहाने बांधले. या समूहाचे संस्थापक बी. व्ही. राव यांनी १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली आणि अंड्याचा भाव व्यापाऱ्याने नव्हे, उत्पादकाने ठरवावा असा आग्रह धरला. संघटनेचे सामर्थ्य असे असते. परंतु त्याच रस्त्यालगतच्या वाड्यांवर डालग्याखाली दहा-बारा कोंबड्या झाकणाऱ्या बाईच्या पाठीशी कोणती संघटना आहे? अंड्यांचे चार पैसे हे बहुधा तिच्या स्वतःच्या हाती राहणारे एकमेव उत्पन्न. म्हणूनच कोंबड्यांची मर हा प्रश्न आपल्या चळवळीने क्षुद्र मानता कामा नये.

ही बाई अडाणी नाही. चुलीची राख मातीत मिसळून ती कोंबड्यांना लोळायला जागा करते. त्याने उवा-पिसवा कमी होतात. गोचीड आणि तांबडे कीटक दिवसा खुराड्याच्या फटींत दडतात व रात्री रक्त पितात. म्हणून फटी बुजवून चुना मारणे आणि डालगे कडक उन्हात तापवणे हे उपाय शास्त्रालाही मान्य आहेत. जागा कोरडी व स्वच्छ ठेवली की जंतांचा आणि रक्ती हगवणीचा जोर ओसरतो. यासाठी कोणत्याही कंपनीची बाटली लागत नाही.

मात्र परंपरेच्या गौरवात सरकारची जबाबदारी बुडवण्याचा मोह टाळला पाहिजे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा रोग. त्यापुढे राख आणि कडुनिंब हतबल ठरतात. लस हाच खरा प्रतिबंध. ती लस शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांच्या कुपीत येते, थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची मालकीण शंभर मात्रा घेऊन काय करील? बाजाराच्या हिशेबात ती गिऱ्हाईकच नाही. मोझांबिक व टांझानियात उष्णतेत अधिक टिकणारी आय-२ लस गावातलीच प्रशिक्षित माणसे डोळ्यात थेंब टाकून देतात. तेथे जे शक्य झाले, ते भोर तालुक्यात अशक्य का असावे?

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात सुमारे आठशे कोंबड्या मेल्यावर तोच रोग निघाला. दोन्ही वेळी कोंबड्या मारण्यासाठी सरकारी पथके दारोदार गेली. साथ रोखायला ते आवश्यकच होते. पण मारायला जे सरकार उंबऱ्यापर्यंत येते, त्याने वाचवायलाही तेथवर यावे. २००९ च्या कायद्याने रोग कळवण्याचे बंधन मालकावर आहे. परंतु कळवले तर उरलेल्याही कोंबड्या जातील, या भीतीपोटी गरीब माणूस गप्प बसतो आणि मेलेली कोंबडी ओढ्यात जाते. ज्या नजरेची भीती वाटते, त्या नजरेला रोग दिसत नाही.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात : वाडीवार ठरलेल्या दिवशी मोफत लसीकरण, त्यासाठी गावातल्याच प्रशिक्षित बाईला मानधन, आणि मारलेल्या कोंबड्यांची भरपाई तत्काळ. तोवर कार्यकर्त्यांनी एक साधी वही घालावी. कोणत्या वाडीत, कधी, किती कोंबड्या मेल्या, याची नोंद करून ती दरमहा पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी. निवेदनापेक्षा अशी वही सरकारला अधिक अडचणीत टाकते.