माग थांबवायचा हक्क कोणाचा?

१८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. मालक, त्यांच्या घरची माणसं आणि तिथेच राहणारं कामगाराचं कुटुंब. काही दिवस हळहळ झाली, अग्निशमन दलावर चर्चा झाली, भरपाईची मागणी झाली. एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, वायरिंग कधी तपासलं, सुताचे ढीग जिन्यात रचलेत का, हे आपल्या कारखान्यांमधून बघत राहायचं काम नेमकं कोणाचं?

मालकाचं, असं आपण पटकन म्हणतो. किंवा सरकारी इन्स्पेक्टरचं. कायद्याने ते खरंही आहे. पण रोज बारा-बारा तास मागापाशी उभा राहणारा माणूस जे पाहतो ते इन्स्पेक्टरला वर्षातून एकदा येऊन दिसणार नाही. त्या पाहण्याला वजन यायचं असेल तर कारखान्यात सुरक्षा समिती हवी. मोठ्या कंपनीत असते तशी भिंतीवर फोटो लावण्यापुरती नको. कामगारांनी निवडलेली, वही ठेवणारी आणि वेळ आली तर माग थांबवणारी हवी.

ही कल्पना नवी नाही. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर, १९८७ मध्ये, कारखाना अधिनियमात कलम ४१-जी आलं. धोकादायक प्रक्रिया चालते अशा प्रत्येक कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती असावी, असं ते सांगत होतं. हजारो माणसं मेल्यावर कायद्याला कळलं की आत काम करणाऱ्यालाही काही विचारायचं असतं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम २२ नुसार सरकार आदेश काढून आस्थापनांना समिती स्थापन करायला लावू शकतं, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. कलम १४ नुसार गंभीर इजेची वाजवी भीती वाटली तर कामगार ते मालकाच्या किंवा समितीच्या सदस्यामार्फत त्याच्या कानावर घालू शकतो, शिवाय थेट निरीक्षकालाही कळवू शकतो.

पण संहितेतला आस्थापनेचा हिशेब साधारणपणे दहा कामगारांपासून सुरू होतो, आणि सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती साध्या कारखान्यात पाचशे कामगारांवर. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये कागदावर किती कामगार दाखवतात ते तिथल्या कुणालाही विचारा. एका छपराखाली तीन नावांनी तीन कारखाने असतात. कांड्या भरणाऱ्या बायका तर आपापल्या घरात बसून काम करतात, त्या कुठल्याच हजेरीत नाहीत. त्यामुळे सरकारी आदेशाची वाट पाहत बसलो तर आपल्या बहुतेक शेडपर्यंत तो पोचणारच नाही.

अडचण फक्त कायद्याची असती तर सोपं होतं. आपल्याकडे मालक आणि मजूर बऱ्याचदा एकाच मोहल्ल्यातले, एकाच बिरादरीतले असतात. सेठ मुलीच्या लग्नाला मदत करतो, ईदला कपडे देतो. अशा माणसाविरुद्ध तक्रार करणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं, असं वाटतं. या नात्याची मी टिंगल करणार नाही. अडीअडचणीला तेच उपयोगी पडतं. पण त्याची एक किंमत आहे. धोटा उडून डोळ्याला लागला की सेठ दवाखान्याचं बिल भरतो आणि सगळे त्याला दुआ देतात. मागाला धोटा अडवणारी जाळी लावायला किती खर्च येतो, हा प्रश्न मग बेअदबी ठरतो. मजुरी वेळेवर देण्याबद्दल आपल्याकडे वाझ पुष्कळ होतात. मागांच्या खडखडाटात वीस वर्षांत बहिरा होत गेलेला कान आणि सुताच्या धुळीने भरलेली छाती यांबद्दल मी तरी एकही ऐकलेला नाही.

धोका दिसत असतो आणि तरी बोलता येत नाही, तेव्हा काय होतं ते ढाक्याजवळच्या साव्हारमध्ये दिसलं. २३ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा इमारतीला तडे गेले. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या लोकांना घरी पाठवलं. वरच्या मजल्यांवरच्या कपडे शिवणाऱ्या कामगारांना दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं गेलं. त्यांनीही तडे पाहिले होते, काहीजण आत जायला तयार नव्हते. पण महिन्याचा पगार अडकेल ही भीती होती आणि त्यांच्या बाजूने "नाही" म्हणणारी कुठलीही यंत्रणा आत नव्हती. २४ एप्रिलला इमारत कोसळली, ११३४ जण मेले. नंतर कामगार संघटना आणि परदेशी ब्रँड यांच्यात कायद्याने बांधील असा करार झाला. त्यात इमारतींच्या तपासणीबरोबर कारखान्यातल्या सुरक्षा समित्या आणि धोक्याचं काम नाकारण्याचा हक्कही आला. मालकही आपल्यातला आणि मजूरही आपल्यातला, हे तिथेही होतं. कुणाला वाचवायला ते पुरलं नाही.

आता खऱ्या अडणीवर येतो. आपल्याकडे विणकराला मजुरी मिळते मीटरवर. माग थांबला की त्याचेच पैसे थांबतात. म्हणून धावत्या पट्ट्याजवळ हात घालून तुटलेला धागा जोडायचा, जाळी आड येते म्हणून तीच काढून ठेवायची, हे कामगार स्वतःहून करतो. मालक मग म्हणतो, "बघा, यांनाच नको आहे." समितीचा पहिला ठराव म्हणूनच हेल्मेट-मास्कचा नसावा. सुरक्षिततेसाठी माग बंद ठेवला तर तेवढ्या वेळाची मजुरी कापली जाणार नाही, आणि समितीच्या बैठकीचा तास कामाचा तास धरला जाईल, असा असावा. हे मान्य होत नसेल तर पुढच्या बैठकांना चहा पिण्यापलीकडे अर्थ नाही.

दुसरा पेच प्रतिनिधीचा. मालकाला विचारलं तर तो मुकादमाचं नाव देईल. मुकादम नकोच. कामगारांनी आपसात, मालक समोर नसताना, दिवसपाळीचा एक आणि रात्रपाळीचा एक माणूस निवडावा. त्यातला एक तरी उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्यांपैकी असावा, कारण कारखान्यातच झोपणारे बहुतेक तेच असतात. कांडीवाल्या बायकांतली एक हवी. मालकाकडून एक-दोघे, पण ज्याला तिथल्या तिथे पैसे खर्च करायचा अधिकार आहे असे. "सेठला विचारून सांगतो" म्हणणारा पाठवला तर बैठक वाया जाते.

वही साधी असावी. तारीख, काय दिसलं, कोण करणार, कधीपर्यंत. पुढच्या बैठकीत आधी मागचंच पान वाचायचं, मोठ्याने, सगळ्यांना कळेल त्या भाषेत. महिन्यातून एकदा शेडची फेरी मारायची, आणि ती एकदा रात्रीही मारायची. अपघातांइतकीच "थोडक्यात वाचलो" या प्रसंगांची नोंद महत्त्वाची. धोटा डोक्यावरून गेला, पट्टा तुटला, बोर्डातून ठिणगी उडाली, असं तीनदा एकाच मागावर झालं तर चौथ्यांदा काय होईल ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. उद्या खरंच कुणाला इजा झाली तर भरपाई मागताना हीच वही हाताशी असेल. आज बहुतेकांजवळ आपण त्या कारखान्यात कामाला होतो याचाही कागद नसतो.

समित्या कागदावरच राहतात, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती सक्तीची केली. तुम्ही नोकरी करता तिथे ती आहे का, तिचे सदस्य कोण, हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? पण चालणाऱ्या समितीचं उदाहरणही आपल्याच गावात आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून साध्या माणसांना बसवलं, हिंदू आणि मुसलमान सारखेच, आणि काही घडलेलं नसतानाही बैठका घेत राहिले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. माझ्या मते काही घडलेलं नसताना भेटत राहणं, हेच त्यातलं मुख्य होतं. दंगलीसाठी जे जमलं ते वायरिंगसाठी का जमू नये?

छोट्या मालकाची बाजूही खोटी नाही. तो स्वतः व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो, विजेच्या बिलाने वाकलेला असतो. एकट्याला जाळ्या, नवं वायरिंग, दुसरा दरवाजा परवडत नाही. मग समिती एका शेडची कशाला, एका गल्लीची करा. दहा मालकांनी मिळून एक इलेक्ट्रिशियन लावला, अग्निशामक एकत्र घेतले तर खर्च वाटला जातो, आणि गल्लीतल्या समितीत कामगार आपल्या सेठसमोर एकटा पडत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेचजण मागावर उभे नाहीत. वडील किंवा चाचा असतात, तुम्ही डिग्री घेऊन बँकेत, शाळेत, आयटीत गेलात. तुम्ही समितीचे अध्यक्ष होऊ नका, ते काम त्यांचं आहे. वहीचं पहिलं पान आखून देणं, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पत्र लिहून देणं, कलम १४ त्यांच्या भाषेत वाचून दाखवणं, एवढं तुम्ही करू शकता. आणि तुमच्या घरचाच कारखाना असेल तर रात्रपाळीत बाहेरच्या दाराला कुलूप असतं का, आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, हे आज जेवताना अब्बांना विचारा.