ग्रेडियंट काढाल, पण उजेडाचं काय?

आकाशगंगेचा फोटो काढलात आणि खालचा कोपरा नारिंगी आला? तो शहराच्या दिव्यांचा उजेड. ‘सिरिल’सारख्या फ्री सॉफ्टवेअरमध्ये हा ग्रेडियंट काढता येतो. फोटो स्ट्रेच करण्याआधीच काढा. सॅम्पल पॉइंट तेजोमेघावर ठेवू नका, नाहीतर तोच पुसला जाईल. पण सॉफ्टवेअर उजेड वजा करतं, त्याच्यासोबत आलेला नॉइज नाही. त्यात बुडालेले अंधुक तपशील कायमचे गेले!

पेंच २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. त्यासाठी आसपासच्या गावांतल्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली गेली. मग आपल्या कॅम्पसमध्ये, सोसायटीत हे का नको? एडिटिंग बिनधास्त करा, पण दिव्यांसाठी एक अर्जही द्या.