खोटी तागडी

‘विद्यार्थ्यांनी निमूटपणे विद्या संपादन करावी, चळवळींच्या नादी लागू नये,’ हा उपदेश आपल्या घराघरांतून आणि, खेदाने म्हणावे लागते, काही प्रवचनपीठांवरूनही केला जातो. तो आम्हांस मान्य नाही. का, ते अमेरिकेतील एका उदाहरणावरून स्पष्ट करतो.

मूत्रपिंडांची कार्यक्षमता रक्तातील क्रिएटिनिनवरून एका सूत्राने काढतात. २००९ च्या सूत्रात रोगी कृष्णवर्णीय असल्यास उत्तराला सुमारे १.१६ ने गुणीत. कृष्णवर्णीयांचे स्नायू भरदार असतात, हे त्याचे समर्थन! डायलिसिसपूर्वीच मूत्रपिंड-रोपणाचा प्रतीक्षाकाळ मोजला जावा, तर कार्यक्षमता २० वा त्याखाली हवी. गोऱ्याची १८ ती १८ च राही. काळ्याची १८ मात्र कागदावर जवळजवळ २१ होई. आजार सारखाच, पण एक रांगेत, दुसरा दाराबाहेर. आई गोरी आणि बाप काळा असेल, तर गुणायचे कशाने? या साध्या प्रश्नाला त्या ‘शास्त्रा’पाशी उत्तर नव्हते.

हे सूत्र अध्यापक शिकवीत होते, रुग्णालये वापरीत होती. त्याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत वैद्यकीय विद्यार्थी अग्रभागी होते. १० डिसेंबर २०१४ रोजी, मानवी हक्कदिनी, सत्तरहून अधिक वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी पांढरे डगले घालून वंशभेदाच्या निषेधार्थ जमिनीवर निपचित पडले होते. पुढे विद्यार्थ्यांनी या सूत्राचाच जाब विचारला. २०१७ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकॉनेस रुग्णालयाने, २०२० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने तो गुणक टाकून दिला. जाणत्या डॉक्टरांचीही साथ मिळाली. सप्टेंबर २०२१ मध्ये वंशविरहित सूत्राची राष्ट्रीय शिफारस झाली. जानेवारी २०२३ पासून जुन्या रुग्णांचा हिरावलेला प्रतीक्षाकाळ परत देणे रुग्णालयांना बंधनकारक झाले. चौदा हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांना तो मिळाला.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती माणसाने सेवा करावी. व्यवस्थेशी भांडू नये. परंतु नीतिसूत्रांच्या ग्रंथाने खोट्या तागडीचा धिक्कार केला आहे, तो काय केवळ वाण्यासाठी? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली वंशाधारित भेदभाव ईश्वरी योजनेविरुद्ध ठरवला, तो काय केवळ ग्रंथालयासाठी? तागडी खोटी असेल, तर मायेने तोलणाराही अन्यायच करतो. त्या सूत्राने हिशेब मांडणारे सारे डॉक्टर काही दुष्ट नव्हते.

काम संपलेले नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या माता १४.५.

आपलीही मुले-मुली डॉक्टर, परिचारिका होण्यासाठी शिकत आहेत. पालकहो, त्यांनी उद्या घरी येऊन एखादा अडचणीचा प्रश्न विचारला, तर ‘तू आपला अभ्यास कर’ म्हणून त्यांना गप्प करू नका. रुग्णाला तोलण्याची तागडी तपासून पाहणे हाही अभ्यासच आहे.