वहीत न मिळणारी बाकी

ज्या चांदीच्या नाण्यावरून ‘डॉलर’ हा शब्द आला, ते ‘थालर’ सोळाव्या शतकात बोहेमियातील योआखिम्सथाल येथे पाडले गेले. त्याच खाणींत चांदीच्या जोडीने डांबरासारखा काळा, वजनाला भारी असा एक दगड निघे. तो पिचब्लेंड. त्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते. १७८९ मध्ये क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पिचब्लेंडमध्ये युरेनियम ओळखले आणि पुढे काचेला पिवळा रंग देण्यासाठी त्याला थोडी मागणी आली, एवढेच.

पिचब्लेंड हे मुख्यतः युरेनियमचे ऑक्साइड. त्याच्या स्फटिकात प्रत्येक युरेनियम अणूभोवती ऑक्सिजनचे आठ अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर बसलेले असतात. ही रचना घट्ट असून साध्या पाण्यात विरघळत नाही. मात्र हवेतील ऑक्सिजन मिळताच युरेनियमची अवस्था पालटते. दोन बाजूंना दोन ऑक्सिजन सरळ रेषेत धरून ते पाण्याबरोबर वाहू लागते. वाटेत तांबे व फॉस्फेट भेटले, की युरेनियम आणि फॉस्फेट यांचे पातळ थर रचले जातात व दोन थरांमध्ये तांबे आणि पाणी सामावते. असा पाचूसारखा हिरवा, अभ्रकाप्रमाणे पापुद्रे सुटणारा चौकोनी स्फटिक म्हणजे कॅल्कोलाइट. आजचे नाव टॉर्बर्नाइट.

१८९८ मध्ये पॅरिसला मेरी क्युरी अशा खनिजांचे किरण मोजत होत्या. मोजण्याची रीत कोणाही व्यापाऱ्याला ओळखीची वाटावी अशी होती. क्वार्ट्झच्या पट्टीला टांगलेल्या पारड्यात वजने टाकायची आणि पट्टीत उपजणाऱ्या विजेने खनिजाचा सूक्ष्म प्रवाह तोलायचा. कॅल्कोलाइटमध्ये युरेनियम वजनाने निम्म्याच्या आसपास. तेव्हा त्याचे किरण शुद्ध युरेनियमपेक्षा बरेच कमी भरावयास हवे होते. प्रत्यक्षात ते दुपटीहून अधिक भरले.

वहीत अशी तफावत निघाली की बहुतेकांचा पहिला संशय काट्यावर जातो. मेरीबाईंनी काटा तपासलाच, पण तेवढ्यावर न थांबता शुद्ध रसायनांपासून प्रयोगशाळेत कॅल्कोलाइट तयार केला. घटक तेच, थरांची मांडणी तीच. त्याचे किरण मात्र युरेनियमच्या अडीचपट कमी, म्हणजे हिशेबाप्रमाणे भरले. काटा निर्दोष ठरला. खाणीतल्या मालातच सूत्रात न लिहिलेले काहीतरी होते.

या एका आकड्यावर विसंबून पिएर क्युरी यांनी स्फटिकांवरील स्वतःचे संशोधन बाजूला ठेवले आणि ते पत्नीच्या कामात उतरले. जुलैमध्ये पोलोनियम, डिसेंबरमध्ये रेडियम जाहीर झाले. पण डोळ्यांना दिसेल इतके रेडियम हाती आल्यावाचून रसायनशास्त्रज्ञांचे समाधान होणार नव्हते. त्यासाठी योआखिम्सथालहून युरेनियम काढून घेतल्यानंतर उरलेला गाळ, जो तेथे टाकून दिला जाई, टनांनी मागविण्यात आला. १९०२ पर्यंत त्यातून रेडियम क्लोराइड निघाले ते ग्रॅमचा दहावा हिस्सा!

तफावतीचे कारण पुढे उलगडले. युरेनियमचे अणू अतिशय सावकाश फुटत जातात आणि त्यांच्यापासून रेडियम, पोलोनियम क्रमाक्रमाने निपजतात. खाणीतल्या खनिजात ही शिल्लक साठत आलेली असते, तर शुद्ध केलेल्या युरेनियमच्या खात्यात ती जवळजवळ शून्यापासून सुरू होते. मेरीबाईंच्या बाटलीतील हिरव्या भुकटीला खाणीतल्या खनिजाची बरोबरी गाठायला काही लाख वर्षे लागली असती.