आधी माती, मग झाडे

पालघर जिल्ह्यात दगड, मुरूम आणि भरावाच्या मातीला मोठी मागणी आहे. बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेले वाढवण बंदर, या सगळ्यांना दगड आणि भराव हवा. त्यासाठी डोंगर फुटतात तेव्हा चर्चा होते ती धुळीची, सुरुंगांनी तडकणाऱ्या घरांची आणि भरधाव डंपरची. ती रास्तच आहे. पण पहिला सुरुंग लागण्याआधी खरवडून फेकलेल्या वीतभर मातीचे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही.

खाण संपल्यावर ती जागा पुन्हा हिरवी होणार की नाही, हे त्या वीतभर थरावरच ठरते. सेंद्रिय अंश, गवताचे बी, मुळांना अन्न पुरवणाऱ्या बुरशी आणि नत्र बांधणारे जिवाणू बहुतांशी याच थरात असतात. खालचा मुरूम म्हणजे झिजलेला कातळ. त्यात हे जवळजवळ नसते. असा थर नव्याने तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

माती वाचवण्याची रीत अवघड नाही. ती कोरड्या दिवसांत वेगळी काढायची. ओली माती यंत्राखाली दबते आणि तिच्यातली हवा जाते. ढीग बुटका ठेवायचा, कारण उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि जीवाणू-बुरशी मरतात. वर ताग किंवा धैंचा पेरून ढीग जिवंत ठेवायचा. उत्तम म्हणजे साठवायचीच नाही. खाणीचा जो भाग संपला तिथे ती थेट पसरायची.

हे केले नाही तर काय करावे लागते, ते विदर्भाने पाहिले आहे. नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उजाड ढिगांवर ‘नीरी’च्या शास्त्रज्ञांना माती अक्षरशः घडवावी लागली. साखर कारखान्याची मळी आणि उपयुक्त जिवाणू-बुरशी घातल्यावर तिथे झाडे धरली. प्रयोग यशस्वी झाला, पण तो गमावलेले परत मिळवण्याचा खटाटोप होता. हाताशी असलेली माती बाजूला ठेवणे याहून कितीतरी स्वस्त.

कोकणात तर हयगय परवडत नाही. इथे चार महिन्यांत साधारण २,००० मिलीमीटर पाऊस कोसळतो. उघड्या उतारावरची माती पहिल्या सरींतच ओढ्यात आणि तिथून खाडीत जाते. बोईसरच्या पूर्वेच्या डोंगरातला हलगर्जीपणा म्हणूनच घिवलीसारख्या किनाऱ्यावरच्या गावांनाही परका नाही. दुसरीकडे, खाणीच्या खड्ड्यात साचलेले पाणी डासांना आणि बुडण्याच्या अपघातांना आमंत्रण देते.

लागवडीचा क्रमही महत्त्वाचा. आधी गवत, उतारावर वाळ्यासारखी खोल मुळांची जात. मग पळस, खैर, करंज, ऐन. मुरुमात खड्डे खणून एकाच जातीची हजार रोपे लावायची आणि फोटो काढायचा, याला वनीकरण म्हणत नाहीत. ज्या पट्ट्यातले गवत मुंबईच्या तबेल्यांना जात आले, तिथे गवताचे मोल सांगायला नको.

कायदा काय म्हणतो? खाणकाम थांबल्यावर पट्टेदाराने त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवावे, अशी अट घालण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी दिला. रेल्वे-रस्त्यांसाठी माती उपसताना पर्यावरण परवानगीतून दिलेली सरसकट सूटही न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली. मोठ्या खनिजांच्या नियमांत वरची माती वेगळी काढून वापरण्याचे बंधन आहे. दगड-मुरूम मात्र ‘गौण खनिज’. त्यांचा कारभार राज्याच्या नियमांवर चालतो.

म्हणून परवाना देतानाच तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: वरची माती किती, ती कुठे ठेवणार आणि कोणत्या पावसाळ्याआधी परत पसरणार. अनामत रक्कम रोपांची संख्या मोजून परत करू नये. तीन पावसाळ्यांनंतर जमिनीवर किती हिरवे टिकले, ते पाहून करावी. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची शिफारस बंधनकारक आहे. ग्रामसभांनी हा प्रश्न ठरावातच विचारावा. बंदर होईल, रेल्वे धावेल; डोंगर पुन्हा उभा राहणार नाही. त्याच्या अंगावरची माती तरी वाचवता येते.