तपासणी द्या, हक्क सोडू नका : विमानप्रवास करणाऱ्या कोल्हापूरकरांना आवाहन



उजळाईवाडीचा आपला विमानतळ आता मूठभर लोकांचा राहिलेला नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, ५ जानेवारी १९३९ रोजी सुरू झालेल्या या विमानतळाच्या नव्या इमारतीचे लोकार्पण १० मार्च २०२४ रोजी झाले. आज तिथल्या रांगेत बालाजीला निघालेले कुटुंब असते, बेंगळुरूच्या नोकरीवर परतणारी पोरे असतात आणि हैदराबाद किंवा मुंबईमार्गे परदेशातल्या नातवंडांकडे निघालेले आजी-आजोबाही असतात. यातले कित्येकजण आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसत आहेत. समोर गणवेशातला माणूस दिसला की ‘सांगतील तसे करायचे’ एवढेच त्यांना ठाऊक असते. हे आवाहन त्यांच्यासाठी आहे आणि त्यांना सोडायला येणाऱ्या लेकरांसाठीही आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सुरक्षा तपासणीला आमचा विरोध नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळच्या समुद्रावर स्फोटाने उडवले गेले आणि ३२९ माणसे गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता, तिचा मालक त्या विमानात बसलाच नव्हता. १९९९ च्या डिसेंबरमध्ये काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला पळवून नेण्यात आले, त्यानंतर देशातल्या मोठ्या विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. आजच्या प्रत्येक नियमामागे कुणाचे तरी रक्त सांडलेले आहे. म्हणून बॅग उघडून दाखवा, झडती द्या, सहकार्य करा. सुरक्षा रक्षक आपल्याच जिवासाठी तिथे तासन्‌तास उभे असतात.

पण तपासणी देणे म्हणजे मान देऊन टाकणे नव्हे. हा फरक आपण विसरत चाललो आहोत, आणि तो विसरला गेला की पहिला फटका म्हाताऱ्यांना, अपंगांना आणि बायकांना बसतो.

धातुशोधक चौकटीतून जाताना नेमके काय होते, ते पाहा. गुडघ्याचे सांधे बदललेली आजी चौकटीतून गेली की यंत्र वाजते. गळ्यातला साज, हातातल्या बांगड्या, चोळीचे हूकसुद्धा हातातल्या यंत्राखाली आवाज करतात. महिला कर्मचारी तिला पडद्याआड नेते. तो पडदा नीट ओढलेला असेल, ‘आजी, इथे हात लावते हं’ असे आधी सांगितले गेले असेल, बसायला खुर्ची असेल, तर दोन मिनिटांत काम होते आणि आजी हसत बाहेर येते. पडदा अर्धवट असेल, मागची रांग कुरकुरत असेल, कर्मचारी घाईत असेल, तर तीच दोन मिनिटे तिला जन्मभर बोचतात. यंत्र तेच आणि नियमही तोच असतो. वागण्याच्या रीतीने सगळा फरक पडतो.

हे कल्पनेतले दुःख नाही. नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांना विमानतळावर वारंवार कृत्रिम पाय काढायला लावले जात होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी पंतप्रधानांना उद्देशून जाहीरपणे व्यथा मांडली, तेव्हा सुरक्षा दलाने माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अपंग प्रवाशाला कृत्रिम अवयव काढायला सांगू नये आणि त्याच्या संमतीशिवाय त्याला उचलूही नये. तरीही मार्च २०२२ मध्ये गुवाहाटीला, खुब्यात धातूचे रोपण असलेल्या ८० वर्षांच्या महिलेला तपासणीत कपडे उतरवायला लावल्याची तक्रार तिच्या मुलीने केली. महिला कर्मचारी निलंबित झाली, पण त्या माउलीचा गेलेला मान काही परत आला नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाने स्वाभिमानाने कसे जगावे, हे नसीमा हुरजूक यांच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ने ज्या कोल्हापुरातून महाराष्ट्राला दाखवले, त्या कोल्हापूरने हे गप्प बसून पाहायचे का?

आता दुसरी बाब. ती दिसत नाही, म्हणून जास्त गंभीर आहे. झडतीच्या जोडीला आता आपला चेहरा मागितला जातो. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसी येथे ‘डिजियात्रा’ सुरू झाली. पुढच्या वर्षभरात हैदराबाद, पुणे आणि मुंबईलाही ती आली. म्हणजे कोल्हापूरहून बेंगळुरू, हैदराबाद किंवा मुंबईला गेलेल्यांना तिथून परत फिरताना हे दार समोर असते. ॲपमध्ये ओळखपत्र आणि चेहऱ्याचा फोटो भरायचा, मग कॅमेरा चेहरा ओळखतो आणि फाटक उघडते. रांग वाचते, हे खरे. माहिती प्रवाशाच्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाकडे गेलेली माहिती उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते, असे चालक सांगतात. ही योजना ऐच्छिक आहे, असे सरकारही सांगते.

मग तक्रार कसली? २०२४ च्या सुरुवातीला अनेक प्रवाशांनी सांगितले की, प्रवेशद्वारावर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने बोर्डिंग पास हातात घेतला, ‘इकडे बघा’ म्हणत फोटो काढला आणि नोंदणी उरकली. कशाची नोंदणी, हे विचारायला सवडच मिळाली नाही. त्याच वर्षी जुने ॲप काढून नवे ॲप घ्या, असेही प्रवाशांना सांगण्यात आले. ही व्यवस्था चालवणारे डिजियात्रा फाउंडेशन ही ना-नफा कंपनी आहे. तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, उरलेला दिल्ली, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद आणि कोची विमानतळांच्या कंपन्यांचा. ही संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही, अशी भूमिका घेतली गेली आहे. म्हणजे आपला चेहरा ज्यांच्याकडे जातो, त्यांना साधा माहिती अधिकाराचा अर्ज टाकून जाब विचारणेही अवघड आहे.

आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवा. चेहरा ओळखणारे फाटक बॉम्ब शोधत नाही. ते फक्त तिकिटावरचा माणूस तोच आहे का, एवढे पाहते. बॅगेचा एक्स-रे आणि अंगाची झडती सगळ्यांची होते, चेहरा दिला तरी आणि नाही दिला तरी. तेव्हा ‘सुरक्षेसाठी चेहरा द्यावाच लागेल’ असे कुणी म्हटले तर ते चूक आहे. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट दाखवून आजही विमानात बसता येते. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायद्याचा आधार हवा, रास्त कारण हवे आणि उपाय गरजेपुरताच हवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. संमती मोकळेपणाने, समजून-उमजून दिलेली असली पाहिजे, दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे आणि तिची सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही त्याच कायद्यात आहे, म्हणून नुसत्या कायद्यावर विसंबून चालणार नाही.

आणि घाई याचसाठी आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. प्रत्येक विमानतळाची पद्धत याच काळात बसणार आहे. यंत्रे बसली, ठेके दिले गेले, सवयी लागल्या, की मग ‘आता असेच असते’ एवढेच उत्तर मिळेल. बोलायचे तर आत्ताच.

सुरक्षा आणि माणसाचा मान यांचा हा प्रश्न या मातीला नवा नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. गुन्हा केलेला नसतानाही त्या जातीजमातींच्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातली ही हजेरी बंद केली आणि ज्यांना चोर म्हटले जायचे, त्या फासेपारध्यांना आपल्या पहाऱ्यावर नेमले. राज्य सुरक्षित ठेवायचे म्हणून प्रजेचा मान काढून घ्यायचा नसतो, हे त्यांनी कृतीने दाखवले. तोच वारसा आपल्या हाती आहे.

प्रवाशांनो, हे करा

अंगात रॉड, कृत्रिम सांधा, पेसमेकर, इन्सुलिन पंप किंवा पोटावर पिशवी असेल तर डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवा आणि चौकटीपाशी जाण्याआधीच तसे सांगा. महिलांची झडती महिलेनेच आणि आडोशालाच घ्यायची असते. पडदा उघडा असेल तर ‘पडदा ओढा’ म्हणा, त्यात उद्धटपणा काही नाही. फोटो काढायला कुणी मोबाइल पुढे केला तर थांबा आणि विचारा : हे कशासाठी, कोण ठेवणार, आणि नको म्हटले तर कुठल्या रांगेत जाऊ? आवाज चढवू नका, तपासणीच्या जागी व्हिडिओ काढू नका. काही चुकीचे घडले तर वेळ, फाटक आणि बिल्ल्यावरचे नाव लिहून घ्या आणि विमानतळ संचालकांकडे तसेच केंद्राच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे प्रवासाच्या आदल्या रात्रीच समजावून सांगा.

विमानतळ प्रशासनाकडे आमच्या मागण्या

१. प्रवाशांचे हक्क मराठीत, मोठ्या अक्षरांत, तपासणीच्या रांगेतूनच दिसतील असे लावा.

२. झडतीची जागा पूर्ण बंदिस्त असावी, आत खुर्ची असावी आणि वृद्ध किंवा अपंग प्रवाशाला सोबतीचे माणूस जवळ ठेवता यावे.

३. चेहरा ओळखणारे फाटक बसवायचे असेल तर ‘ऐच्छिक’ हा शब्द त्यावरच लिहा आणि ओळखपत्र दाखवून जाणाऱ्यांची रांग कमी करू नका.

४. कॅमेऱ्यांचे चित्रण किती दिवस राहते, कोण पाहू शकते आणि कधी पुसले जाते, हे जाहीर करा.

५. पुढे शरीर स्कॅनर आले तर पडद्यावर फक्त ठोकळेबाज आकृती दिसेल आणि चित्र साठणार नाही, असेच यंत्र घ्या. अंगाची चित्रे दाखवणारी यंत्रे अमेरिकेलाही लोकांच्या विरोधानंतर २०१३ मध्ये काढावी लागली.

सुरक्षा रक्षकांना हात जोडून एवढेच सांगणे : हात लावण्याआधी एक वाक्य बोला. त्याला खर्च नाही, वेळही लागत नाही.

वकील मित्रांना विनंती आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आपल्या गावात आहे. ज्यांना दाद मागायची आहे, त्यांच्या पाठीशी उभे राहा. खासदारांना विनंती आहे की, विमानतळ सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.

‘एका पत्राने काय होणार’ असे म्हणू नका. टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील सरांच्या मागे हे शहर उभे राहिले आणि शहरातला टोल गेला. खंडपीठाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या लावून धरली आणि बेंच आले. या गावाने जे मिळवले, ते मागूनच मिळवले आहे.

तेव्हा या आठवड्यातच एक पत्र विमानतळ संचालकांना आणि एक आपल्या खासदारांना पाठवा. पत्र लांब नको. एवढेच लिहा : ‘आम्ही तपासणीला तयार आहोत. ती आम्हाला सांगून करा, आडोशाला करा, आणि घेतलेली माहिती काम झाल्यावर पुसून टाका. चेहरा द्यायचा की नाही, हे आम्हाला ठरवू द्या.’ खाली सही करा, गावाचे नाव लिहा आणि शेजाऱ्याचीही सही घ्या.

आपला,
एक कोल्हापूरकर सहप्रवासी